कोंडलेला वारा

वारा मोकळा असतो तोंवर त्याचें सामर्थ्य आपल्या फारसें ध्यानांत येत नाहीं. सायकलच्या चाकांत, फुटबॉलच्या फुग्यांत किंवा सोडावॉटरच्या बाटलींत त्याला कोंडलें म्हणजे मगच तो आपली ओळख पटवूं लागतो. मुंबई-पुण्याच्या आसपासच्या सहलीच्या ठिकाणीं आजकाल ‘पेंटबॉल’ नांवाचा एक खेळ खेळला जातो. तोंडावर मुखवटे चढवून तरुण मंडळी दोन पक्षांत विभागतात, झाडाआडून नि आडोशाआडून एकमेकांवर रंगानें भरलेल्या जिलेटिनच्या गोळ्या उडवितात, आणि ज्याच्या अंगावर रंग फुटला तो गडी बाद होतो. ह्या खेळांतील बंदुकीला ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारी, असें सौम्य नांव आहे. तींत दारू नसते. गोळी सुटते ती बंदुकीला जोडलेल्या एका लहानशा टांकींतील वायूच्या जोरावर.

पाहणाराचें सारें लक्ष बंदुकीकडे असतें. परंतु जपावयाची खरी वस्तु ती टांकी होय. ती कोणती निवडावी आणि कशी वापरावी, ह्याविषयींचे नियम थोडे आहेत व सोपेही आहेत. मात्र ते नुसते पाठ करण्यापेक्षां ते कसे घडत गेले हें समजून घेतलें, तर ते अधिक चांगले लक्षांत राहतात. कारण त्यांतील अनेक नियमांच्या मागें एकेका शास्त्रज्ञाचे परिश्रम उभे आहेत, आणि कित्येकांच्या मागें एखादा जीवघेणा अपघात उभा आहे.

दारूवांचून गोळी उडविण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. टायरोल प्रांतांतील बार्तोलोमेओ गिरांदोनी नांवाच्या कारागिरानें १७८० च्या सुमारास हवेवर चालणारी एक रायफल तयार केली, आणि सम्राट दुसरा जोसेफ ह्याच्या कारकीर्दींत ती ऑस्ट्रियाच्या सैन्यांत दाखल झाली. ह्या रायफलीचा दस्ता हेंच तिचें हवेचें भांडें होतें. लोखंडी पत्रा वळवून, रिबिटा मारून आणि डाख देऊन तें बनविलेलें असे. त्यांत हातपंपानें हवा भरावयाची. आणि ती पुरेशी भरण्यासाठीं पंपाचे सुमारें १,५०० हात मारावे लागत. इतक्या श्रमानंतर आंतील दाब दर चौरस इंचास सुमारें ८०० पौंडांपर्यंत पोंचे. वीसएक गोळ्या एकामागून एक झाडतां येत; धूर नाहीं, ठिणगी नाहीं, पावसांत दारू भिजण्याची धास्ती नाहीं. ज्या काळीं साधा शिपाई एक गोळी उडवून दुसरी ठांसण्यांत गुंतलेला असे, त्या काळीं हें शस्त्र अद्भुतच वाटलें असेल.

तरीसुद्धां १८१५ च्या आसपास तें सैन्यांतून निघून गेलें. नेमबाजींत तें उणें होतें म्हणून नव्हे, तर त्याचें भांडें सांभाळणें फार कठीण होतें म्हणून. पत्र्याच्या सांध्यांतून हवा निसटे. दुरुस्तीला निष्णात कारागीर लागे. आणि तसे कारागीर प्रत्येक पलटणीबरोबर कोठून मिळणार? वायूच्या बंदुकीचें यशापयश बंदुकीवर नव्हे, तर भांड्यावर आणि त्याच्या सांध्यावर अवलंबून असतें, हा पहिला धडा येथेंच मिळाला.

दुसरा धडा अमेरिकेंत मिळाला. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क ह्यांनीं १८०३ ते १८०६ ह्या काळांत अमेरिकेच्या पश्चिम भागाची जी सुप्रसिद्ध मोहीम केली, तींत लुइसनें एक हवेची बंदूक बरोबर घेतली होती. १८०३ च्या ऑगस्टअखेर, म्हणजे पिट्सबर्गहून नाव सोडल्याच्या पहिल्याच दिवशीं, नदींतील एका बेटावर कांहीं मंडळींस त्यानें ती उडवून दाखविली. नंतर ती एका गृहस्थाच्या हातीं गेली. त्याला तिची माहिती नव्हती. ती अवचित सुटली, आणि सुमारें चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. ती कोसळली, ती गतप्राण झाली असेंच सर्वांस वाटलें, परंतु सुदैवानें जखम वरवरची निघाली. बंदूक बिघडलेली नव्हती, भांडेंही फुटलें नव्हतें. न जाणणाराच्या हातीं वस्तु गेली, एवढेंच झालें होतें.

गिरांदोनीच्या काळीं हवा कोंडावयाची तर ती बाहुबलानें कोंडावी लागे. हें श्रम वांचविणारी युक्ति रसायनशास्त्रानें काढली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे ह्यानें १८२३ मध्यें कांचेच्या बंद नळ्यांत क्लोरीन वायु स्वतःच्याच दाबानें द्रवरूप करून दाखविला, आणि पाठोपाठ सोडावॉटरमध्यें फसफसणारा कार्बन डायऑक्साइड वायुही द्रवरूप केला. द्रव झालेला वायु अगदीं थोड्या जागेंत मावतो, आणि झांकण उघडतांच पुन्हां वायु होऊन जोरानें बाहेर पडतो. म्हणजे पंपाचे दीड हजार हात मारावयास नकोत! परंतु ह्या शोधाची किंमत फॅरडेला मोजावी लागली. त्याच वर्षींच्या मार्चमध्यें त्याची एक नळी फुटली. कांचेचे तुकडे पिस्तुलाच्या गोळ्यांसारखे उडाले, आणि त्याच्या डोळ्यांतून तेरा कण काढावे लागले. सुदैवानें त्याची दृष्टि शाबूत राहिली.

पॅरिसमध्यें तिलोरिये नांवाच्या संशोधकानें हाच वायु मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करण्यासाठीं ओतीव लोखंडाचें, म्हणजे बिडाचें, यंत्र बनविलें. त्यांतील द्रव एकदम बाहेर सोडला असतां त्याचा पांढराशुभ्र बर्फ होतो, ही गोष्ट त्यानें १८३५ मध्यें फ्रेंच विद्वानांपुढें मांडली. कोरडा बर्फ म्हणून आज जो ओळखला जातो तो हाच. लोकांना ह्या प्रयोगाचें वेड लागलें. परंतु बीड हा धातु कठीण असला तरी ठिसूळ असतो. ताण असह्य झाला म्हणजे तो वांकत नाहीं, फुगत नाहीं, पूर्वसूचना देत नाहीं. तो एकदम तडकतो. १८४० च्या अखेरीस पॅरिसच्या औषधिविद्यालयांत अशाच एका यंत्राचा स्फोट झाला आणि हर्व्ही नांवाचा तेथील प्रयोगसहायक प्राणांस मुकला. तेव्हांपासून अशा कामांत बिडावरील विश्वास उडाला. भांड्याची भिंत केवळ जाड असून भागत नाहीं, तर ती चिवट असली पाहिजे, हें शास्त्रज्ञ त्या तरुणाच्या मृत्यूनें शिकले.

आतां कोणी विचारील कीं, एकदां चिवट धातूचें भांडें मिळाल्यावर भीति ती कसली? ह्याचें उत्तर बेलफास्टचे प्राध्यापक टॉमस अँड्र्यूज ह्यांनीं १८६९ मध्यें दिलें. बंद भांड्यांत कार्बन डायऑक्साइड अर्धा द्रव आणि अर्धा वायु अशा स्थितींत असेल, तर आंतील दाब केवळ उष्णतामानावर ठरतो. टांकींत द्रव थोडा आहे कीं बराच, ह्याला तेथें महत्त्व नसतें. शून्य अंश सेंटिग्रेडला तो दर चौरस इंचास सुमारें ५०० पौंड, २० अंशांस सुमारें ८३० पौंड आणि ३० अंशांस सुमारें १,०५० पौंड असतो. परंतु सुमारें ३१ अंशांवर एक सीमारेषा आहे. ती ओलांडली कीं, कितीही दाबलें तरी हा वायु द्रव होत नाहीं. द्रव आणि वायु हा भेदच तेथें मावळतो, आणि त्यापुढें दाब किती चढेल हें टांकी किती भरली आहे ह्यावर ठरूं लागतें.

एकतीस अंश! युरोपांतील मनुष्यास हा आंकडा कडक उन्हाळ्याचा वाटेल. परंतु नागपूर, जळगांव किंवा सोलापूर येथें चैत्र-वैशाखांत दुपारीं पारा त्याच्या पुष्कळ वर चढतो. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत तर तो ५० अंशांपलीकडे सहज जातो. टांकींत जितकें पाणी मावेल त्याच्या वजनाच्या ६८ टक्के वजनाचाच हा वायु भरावा, असा अमेरिकन नियम आहे. त्याप्रमाणें भरलेल्या टांकींत ५० अंशांस दाब सुमारें २,००० पौंड होतो, आणि सुस्थितींतील टांकी तो सोसते. परंतु लोभानें त्याच टांकींत ९० टक्के वायु कोंबला, तर त्याच उष्णतेंत दाब ४,५०० पौंडांच्याही वर जाऊं पाहतो. डाव्या-उजव्या बाजूला एक रेसभर फरक दिसत नाहीं. बाहेरून दोन्ही टांक्या सारख्याच. पण एक खेळणें आहे आणि दुसरी सुरुंग आहे. म्हणूनच ही टांकी भरतांना दाबमापकाकडे पाहून उपयोग नसतो. ती कांट्यावर तोलूनच भरावी लागते. आधीं रिकामी तोलावयाची, मग भरून तोलावयाची, आणि जास्त झालेला वायु सोडून द्यावयाचा. २० औंसांच्या टांकींत २० औंसच, एकविसावा नव्हे.

पुढच्या काळांत धातुविद्येनें ह्या भांड्यांना आणखी बळकटी आणली. जर्मनींतील राइनहार्ड व मॅक्स मानेसमान ह्या बंधूंनीं १८८५-८६ च्या सुमारास भरीव पोलादापासून सांध्यावांचून नळी काढण्याची कृति शोधून काढली, आणि उभा सांधा नसलेलीं पोलादी नळकांडीं बनविणें शक्य झालें. जवळपास त्याच सुमारास, १८८९ मध्यें, फ्रान्सच्या पॉल जिफारनें द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक लोकांपुढें आणली. वाफेच्या जोरावर विमानफुगा हांकणारा आंरी जिफार हा त्याचा भाऊ. दारू आतां कालबाह्य होणार, असें ह्या बंदुकीविषयीं पुष्कळांस वाटलें. परंतु नळकांडें रिकामें झालें कीं तें भरावयास परत पाठवावें लागे. आणि थंडींत दाब घटला कीं गोळीचा जोर घटे. वायूचा स्वभाव कांहीं कारागिराच्या इच्छेनें बदलत नाहीं. बंदूक मागें पडली. पण सोडावॉटरच्या घरगुती यंत्रांत बसणारी पोलादी कुपी मात्र पुढें लोकप्रिय झाली, आणि तिच्याच जातीची १२ ग्रॅम वायूची कुपी विसाव्या शतकांत खेळाच्या बंदुकींत येऊन बसली.

येथें ह्या कथेंत रंग येतो. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत नेल्सन पेंट कंपनी जंगलांतील झाडांवर खूण करण्याचे रंग बनवीत असे. कोणतें झाड तोडावयाचें हें दाखविण्यासाठीं प्रत्येक झाडापाशीं चालत जाणें वनरक्षकांस जिकिरीचें होई. गुरांच्या कळपांतील विशिष्ट जनावर ओळखूं येण्यासाठींही दुरूनच खूण करणें सोयीचें असे. म्हणून रंगाची गोळी लांबून फेंकणारें पिस्तूल तिनें पुढें आणलें, आणि १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डेझी ह्या बंदुका बनविणाऱ्या कंपनीनें तें ‘नेलस्पॉट ००७’ ह्या नांवानें तयार केलें. तें त्याच १२ ग्रॅमच्या कुपीवर चालत असे. ‘मार्कर’ ह्या नांवाचें मूळ हें असें झाडांच्या आणि गुरांच्या खुणेंत आहे.

पुढें २७ जून १९८१ रोजीं न्यू हॅम्पशर राज्यांतील हेनिकर गांवाजवळच्या रानांत बारा माणसांनीं हीं पिस्तुलें घेऊन पहिला डाव मांडला. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी हे त्याचे प्रवर्तक. रानांत जगण्याची अक्कल रानांतल्या माणसाला अधिक कीं शहरांतल्या व्यवहारी माणसाला अधिक, ह्या त्यांच्या वादांतून हा डाव निघाला. प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेस न पडतां रानांतील सर्व निशाणें गोळा करावयाचीं होतीं. आणि तो जिंकला एका अशा वनपालानें कीं, ज्यानें संबंध डावांत एकही गोळी झाडली नाहीं! रानांतला शहाणपणा तो हाच. परंतु खेळ वाढला तसा त्यांतील हा संयम कमी झाला. एकेक गोळी जपून उडविणारा गडी मागें पडला आणि सपाट्यानें गोळ्यांचा वर्षाव करणारा पुढें आला. १२ ग्रॅमची कुपी थोड्याच गोळ्यांत संपे. मग पुन्हां पुन्हां भरतां येणारी मोठी टांकी बंदुकीलाच जोडण्याची चाल पडली. आणि कुपीबरोबर जी काळजी कारखानदार वाहत असे, ती ह्या टांकीबरोबर खेळाडूच्या डोक्यावर आली.

ह्या टांकीला तोंडाशीं एक पितळी झडप असते. झडपेचा खालचा भाग टांकीच्या गळ्यांत आट्यांनीं घट्ट बसविलेला असतो, आणि वरचा भाग दुसऱ्या आट्यांनीं बंदुकींत फिरवून बसवावयाचा असतो. झडपेच्या बाजूस तांब्याची एक पातळ चकती असते. आंतील दाब प्रमाणाबाहेर चढला तर टांकी फुटण्यापूर्वीं ही चकती फुटते, आणि वायु मोठा आवाज करीत निघून जातो. घर वांचावें म्हणून उंबऱ्यावर प्राण देणारा हा द्वारपाल होय. चकती वारंवार फुटते म्हणून कोणी तिच्या जागीं अधिक जाड चकती किंवा साधा स्क्रू बसवील, तर त्यानें द्वारपालाला हांकलून चोरालाच किल्ल्या दिल्या असें समजावें.

२००३ व २००४ ह्या दोन वर्षांत अमेरिकेंत अशा टांक्यांमुळें दोन व्यक्तींचे प्राण गेले. दोन्ही वेळां टांकीची भिंत फुटली नव्हती. बंदुकींतून टांकी काढण्यासाठीं ती फिरविली असतां झडप बंदुकींतच रुतून राहिली, आणि टांकी झडपेवरून सुटत गेली. शेवटचा आटा निघतांच आंतील वायु एका बाजूनें उसळला, आणि ती धातूची बाटली अग्निबाणासारखी उडून माणसाच्या अंगावर आदळली. कोणी झडप एकदां काढून पुन्हां बसविली, पण आट्यांत लावावयाचा चिकट पदार्थ नीट लावला नाहीं किंवा झडप पुरेशी आवळली नाहीं, कीं पुढचा प्रकार ओढवण्यास तेवढें पुरतें. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानें २००४ मध्यें लोकांस ह्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला.

ह्या अनर्थावर जो उपाय सुचविला गेला तो इतका साधा आहे कीं, घरांतील कोणतीही गृहिणी तो करूं शकेल. नखांना लावावयाच्या रंगाची एक बारीक रेघ टांकीच्या गळ्यावरून झडपेवर सलग ओढून ठेवावयाची. टांकी बंदुकींतून काढतांना ह्या रेघेकडे नजर ठेवावयाची. टांकी आणि झडप जोडीनें फिरत असतील तर रेघ अखंड राहील; टांकी फिरली आणि झडप मागें राहिली, तर रेघ तुटलेली दिसेल. रेघ तुटली कीं हात तेथेंच थांबवावा, टांकी पुन्हां आवळण्याचाही खटाटोप करूं नये, तोंड कोणाकडेही न रोखतां ती बाजूस ठेवावी, आणि जाणत्या माणसाकडे सोंपवावी. झडप काढणें, चकती बदलणें, आंत नळी बसविणें हीं कामें घरच्या पान्यानें करण्याचीं नव्हेत. दोन जीव गेल्यावर रंगाच्या ह्या एका रेघेला महत्त्व आलें.

कार्बन डायऑक्साइडचा आणखी एक स्वभावदोष खेळाडूंस जाचत होता. द्रवाचा वायु होतांना तो सभोंवारची उष्णता शोषून घेतो. सपाट्यानें गोळ्या झाडल्या कीं टांकी गार पडते, दाब उतरतो, गोळी जवळच गळून पडते. कधीं थंड द्रवच बंदुकींत शिरून तिचीं रबरी कडीं खराब करतो, आणि कातडीला लागला तर भाजल्याप्रमाणें इजा करतो. म्हणून पुढें बरेच खेळाडू दाबलेल्या साध्या हवेकडे वळले. गिरांदोनीनें हातपंपानें कोंडलेली हवा दोन शतकांनंतर पुन्हां दरबारांत आली. मात्र आतां ॲल्युमिनियमच्या टांकींत दाब ३,००० पौंड, आणि कार्बनच्या तंतूंनीं वेढलेल्या टांकींत ४,५०० पौंड असतो.

हें तंतूंचें वेष्टण कोठून आलें? आगीच्या धुरांत शिरणाऱ्या बंबवाल्यांच्या पाठीवर श्वासाच्या हवेची जी टांकी असे, ती इतकी जड असे कीं पुष्कळजण ती घेण्याचेंच टाळीत. १९७१ मध्यें अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या अंतरिक्षसंस्थेनें हा प्रश्न हातीं घेतला. रॉकेटचीं कवचें तंतू गुंडाळून हलकीं व बळकट करण्याची जी विद्या तिच्यापाशीं होती, ती तिनें ह्या टांक्यांना लावली. धातूचें पातळ अस्तर, आणि त्यावर राळेंत भिजवून घट्ट गुंडाळलेले तंतू, अशी ती रचना होय. न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस येथील बंबवाल्यांनीं १९७४-७५ मध्यें ती वापरून पाहिली; सबंध साहित्याचें ओझें सुमारें एक-तृतीयांशानें कमी झालें. माणसें वांचविण्यासाठीं निर्माण झालेली ती वस्तु पुढें खेळाच्या मैदानांत आली.

ह्या टांकीच्या तोंडाशीं रेग्युलेटर असतो. तो ४,५०० पौंडांचा दाब उतरवून बंदुकीला बहुधा ८५० किंवा ४५० पौंडांचा दाब पुरवितो. येथें एक मौज ध्यानांत येते. १७८० मध्यें शिपायाचे बाहु थकून जो दाब निर्माण होई तो सुमारें ८०० पौंडांचा. विसाच्या उष्णतामानांत कार्बन डायऑक्साइड आपोआप देतो तो ८३० पौंडांचा. आणि आजचा रेग्युलेटर देतो तो ८५० पौंडांचा. गोळी उडविण्यास लागणारें बळ फारसें बदललें नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, त्या बळाच्या मागें कोंडून ठेवलेला सांठा कितीतरी पटींनीं वाढला. आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसच्या सिलिंडरमध्यें दाब असतो शें-दीडशे पौंडांचा. त्याच्याशीं तुलना केली म्हणजे हाताएवढ्या ह्या टांकीचा मान कसा राखावा हें वेगळें सांगावयास नको.

मग निवड कशी करावी? सुटीच्या दिवशीं कधींमधीं खेळणारानें कार्बन डायऑक्साइडची लहान टांकी घेतली तर ती स्वस्त पडते. मात्र ती जेथें तोलून भरतात तेथूनच भरून आणावी, आणि ती उन्हांत किंवा बंद मोटारींत कधींही ठेवूं नये. टांकी गळूं लागली तर बंद जागेंत हा वायु सांचून श्वासही कोंडूं शकतो. नेहमीं व जलद खेळणारानें, विशेषतः बंदुकीच्या आंत विजेवर चालणारी नाजूक यंत्रणा असेल तर, हवेचीच टांकी घ्यावी. ३,००० पौंडांची ॲल्युमिनियमची टांकी दणकट व कमी खर्चाची. ४,५०० पौंडांची तंतूंची टांकी हलकी, पण महाग आणि ओरखड्याला जपावयाची. एका जातीच्या टांकींत दुसऱ्या जातीचा वायु भरूं नये. कार्बन डायऑक्साइडची टांकी १,८०० पौंडांच्या कामासाठीं बनविलेली असते. तिला ३,००० पौंडांच्या हवेला जोडणें म्हणजे उघड उघड संकटाला आमंत्रण देणें होय. हवेची टांकी सावकाश भरावी, कारण दाबतांना हवा तापते. तिच्या भरण्याच्या तोंडाला तेल किंवा वंगण लावूं नये, कारण दाबानें तापलेल्या हवेंत तेल पेट घेतें. आणि हवेच्या जागीं नुसता प्राणवायु तर चुकूनही भरूं नये.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र टांकीच्या खांद्यावर असते. तेथें तिची जात, तिचा दाब आणि तिच्या तपासणीची तारीख धातूंत ठोकलेली असते. तंतूंच्या टांकीवर ती राळेखालीं चिकटविलेल्या कागदावर छापलेली असते. अमेरिकन नियमान्वयें अशा टांक्या साधारणतः दर ५ वर्षांनीं पाण्याच्या दाबाखालीं तपासाव्या लागतात. टांकींत पाणी भरून नेहमींच्या दाबाहून बराच अधिक दाब देतात, आणि ती किती फुगली व दाब काढल्यावर कितपत पूर्ववत् झाली हें मोजतात. हवेऐवजीं पाणी घेतात, कारण पाणी दबत नाहीं. टांकी फुटलीच तर ती उसळत नाहीं, नुसती चिरते. तंतूंच्या बहुतेक टांक्यांचें आयुष्य १५ वर्षांचेंच धरलेलें असतें. त्यानंतर ती कितीही नवी दिसली तरी ती सेवानिवृत्त करावी.

आपल्या देशांतही ही शिस्त परकी नाहीं. १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याच्या आधारानें १९४० मध्यें गॅस सिलिंडरांचे नियम झाले, आणि कालांतरानें सुधारत त्यांना २०१६ मध्यें नवें रूप मिळालें. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरांतच आहे. प्रत्येक घरांतील गॅसच्या सिलिंडरच्या गळ्याशीं उभ्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हें अक्षर आणि दोन आंकडे रंगविलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आंकडे वर्षाचे. त्या मुदतीच्या आंत त्या सिलिंडरची फेरतपासणी व्हावयास हवी. सिलिंडर दारांत आला कीं त्याचें वजन पाहणारीं घरें पुष्कळ आहेत. हें अक्षर वाचणारीं घरें थोडीं आहेत.

ज्यानें घरच्या सिलिंडरवरील तें अक्षर वाचावयाची संवय लावून घेतली, त्याला खेळाच्या टांकीविषयीं निराळें शिकवावें लागत नाहीं. पोलाद चिवट झालें, सांधे नाहींसे झाले, तंतूंनीं भिंती हलक्या व बळकट झाल्या. परंतु तारीख वाचण्याचें, तोलून भरण्याचें आणि रंगाची ती रेघ पाहण्याचें काम कोणत्याही धातूवर सोंपवितां आलेलें नाहीं. तें ज्याच्या हातांत टांकी आहे त्याचेंच आहे.